एकरी नऊ क्विंटल, तरी पान उपाशी

संत्र्याच्या पानाची उपासमार ओळखायची तर ते तोडून उन्हाकडे धरावं लागतं. झाडावर लांबून सगळी पानं सारखीच पिवळट दिसतात. अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालेल्या रस्त्याला लागून मामांची बाग आहे. फाल्गुन लागला होता. आंबिया बहाराची फुलं झडून बारकी फळं धरली होती आणि त्याच फांद्यांवर नवती, म्हणजे नवी पालवी, निघून पोसवत आली होती. मामांनी वेगवेगळ्या झाडांची पानं खुडली, धुऱ्यावर रिकाम्या पोत्यावर मांडली आणि मला म्हणाले, "सांग बरं, कोन्तं कायचं हाय?"

पहिलं पान शेंड्याचं, अगदी कोवळं. त्याचा रंग जवळजवळ पांढुरका पिवळा आणि त्यावर बारीक शिरांची हिरवी जाळी. हे लोहाचं, ते मलाही कळलं. दुसरं पान अरुंद, टोकदार, आकाराने निम्मं, त्यावर हळदी रंगाचे ठळक डाग; हे जस्ताचं. तिसऱ्यापाशी मी थांबलो. पान पूर्ण आकाराचं होतं, धडधाकट. मधली शीर आणि तिला फुटलेल्या उपशिरा यांच्या दोन्ही अंगांनी गडद हिरवा पट्टा, आणि दोन पट्ट्यांमधला भाग मळकट, फिका. ठळक असं काहीच नाही.

"हे मँगनीजचं," मामा म्हणाले. "याच्यातच मानूस फसते. पान मोठं हाय, म्हनून लक्षच जात नाई."

जस्ताची खूण झाडाच्या उन्हाच्या बाजूला लवकर उमटते, मँगनीजची सावलीच्या बाजूला. त्यामुळे बागेतून चालताना माणूस उन्हाकडची बाजू बघत जातो आणि जस्ताची थैली घेऊन येतो. शिवाय कमतरता हलकी असेल तर पान जून होताना खूण पुसटही होते. शेतकऱ्याला वाटतं, झाड आपोआप सुधारलं.

मँगनीज पानाला लागतं तरी कशाला? हिरव्या पानात उन्हाच्या जोरावर पाण्याचा रेणू फुटतो आणि प्राणवायू मोकळा होतो. ज्या जागी तो फुटतो तिथे मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू अशी छोटीशी जुळणी असते. जमिनीवरची हिरवी झाडं असोत की पाण्यातलं शेवाळ, जुळणी हीच. मामांच्या बागेत या गोष्टीला एक वाकडी बाजू आहे. इथे मँगनीजला जमिनीत जखडून ठेवणारा कॅल्शियमच आहे, चुनखडीच्या रूपातला.

अमरावती-अकोल्याची काळी जमीन बेसॉल्ट खडकाची. या खडकात मँगनीज मुबलक. मातीत ते दर दशलक्ष भागांत हजार धरलं, तर एका एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात साडेआठ-नऊ क्विंटल मँगनीज पडलेलं आहे. संत्र्याच्या झाडाची वर्षाची गरज ग्रॅमांत मोजण्याइतकी. म्हणजे पणतू-खापरपणतूंपर्यंत पुरावं इतका साठा पायाखाली, आणि पान उपाशी. (मातीचा काळा रंग मात्र मँगनीजचा नव्हे, असा समज असला तरी. तो चिकणमातीशी घट्ट जुळलेल्या सेंद्रिय द्रव्याचा. मँगनीज बघायचंच असेल तर नांगरटीत कधीकधी चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांबरोबर बारीक काळे गोल खडे वर येतात, त्यांत लोह आणि मँगनीज साठलेलं असतं.)

अडचण आहे ती मँगनीजच्या दोन रूपांची. एक रूप पाण्यात विरघळतं. मूळ तेवढंच पिऊ शकतं. दुसरं ऑक्सिजनशी घट्ट बांधलेलं, काळं-तपकिरी, पाण्याला दाद न देणारं. जमीन आम्लधर्मी असेल किंवा पाण्याने तुडुंब असेल तर बांधलेलं मँगनीज सुटतं. चुनखडीची, सामू आठाच्या पुढे गेलेली, मोकळी हवा खेळणारी जमीन असली की उलट घडतं. सुटं मँगनीज तिथे टिकत नाही, जमिनीतले जिवाणूही त्याला ऑक्सिजन जोडून टाकतात. संत्र्याला ताण देण्यासाठी पाणी तोडलं की जमीन भेगाळते, हवा खोलवर जाते आणि मँगनीज आणखी आवळलं जातं. बहार फुटण्यासाठी ताण तर द्यावाच लागतो. म्हणून ताण सोडल्यावर येणारी पहिली नवती या दुखण्याचा आरसा असते.

याच तालुक्यातले पानमळे आणि पानपिंपळीचे मळे बघितले तर फरक समजतो. अंजनगावची पानपिंपळी आयुर्वेदाच्या बाजारात नावाजलेली आणि ती राखणारी बारी समाजाची पिढीजात मेहनत. मळ्यात शिरलं की घाम सुकतो, इतकी सावली. माती सदा ओली, शेणखताने भरलेली. अशा मातीत हवा कमी पोचते, खत कुजताना ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि मँगनीज सुटं होतं. तीच काळी माती, तोच तालुका, वागवण्याची तऱ्हा निराळी.

मातीत किती मँगनीज आहे हा प्रश्नच म्हणून प्रयोगशाळा विचारत नाही. किती सुटं आहे, एवढंच ती बघते. दहा ग्रॅम माती घ्यायची, तिच्यावर डीटीपीए नावाच्या द्रव्याचं वीस मिलिलिटर द्रावण ओतायचं, यंत्रावर दोन तास हलवायचं, गाळायचं आणि गाळलेल्या पाण्यातलं मँगनीज मोजायचं. हे द्रावण मुळासारखंच थोडंसं ओरबाडून घेतं, म्हणून ते निवडलेलं. दर किलो मातीमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला की कमतरता धरतात. एकरी नऊ क्विंटलमधून पावणेदोन किलो सुटं असलं, की जमीन पास! २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतल्या बारा घटकांमध्ये मँगनीजचा रकाना आहे. मामांच्या पत्रिकेत त्यापुढे 'पुरेसे' लिहिलेलं आहे आणि पोत्यावरचं पान वेगळं सांगतं. यात कोणी खोटं नाही. पत्रिकेची माती वरच्या थरातली होती. संत्र्याची मुळं त्याखालीही जातात आणि या बागेत दोन फुटांखाली चुनखडीचा पांढरा थर लागतो. फळझाडाच्या बाबतीत पानाचं परीक्षण जास्त भरवशाचं, असं माझं मत आहे. त्यातही एक गोम आहे, ती पुढे येईल.

फवारणीच्या दिवशी सकाळीच पाण्याची टाकी ट्रॅक्टरमागे आली. मँगनीज सल्फेटची थैली फोडली तर आत फिकट गुलाबी भुकटी, इतकी फिकट की पांढऱ्या कागदावर ठेवल्याशिवाय गुलाबी वाटत नाही. या भुकटीत शेकडा तीसच्या थोडं वर मँगनीज असतं. शंभर लिटर पाण्याला पाचशे ग्रॅम जस्त सल्फेट, तीनशे ग्रॅम मँगनीज सल्फेट, आणि कोवळं पान भाजू नये म्हणून चुन्याची निवळी. आधी दोन्ही सल्फेट वेगवेगळ्या बादलीत विरघळवून टाकीत ओतायची, चुना शेवटी आणि गाळून. क्रम चुकला तर गुठळ्या होतात आणि नोझल तुंबतं. मामा स्वतः काठीने ढवळत होते. ढवळण्याचं काम ते गड्यावर सोपवत नाहीत.

हेच मँगनीज खतासारखं आळ्यात का टाकत नाहीत? चुनखडीच्या जमिनीत टाकलेलं सल्फेट थोड्या दिवसांत आधीच्या नऊ क्विंटलात सामील होतं. म्हणून ते पानावर द्यायचं. तेही नवतीचं पान दोनतृतीयांश उलगडलेलं, पण कातडी जाड न झालेलं असताना. ही वेळ आठ-दहा दिवसांची असते. आधी फवारलं तर पानाचा पसारा पुरत नाही, नंतर फवारलं तर आत शिरत नाही. आणि एका पानात गेलेलं मँगनीज तिथून उठून पुढच्या नवतीकडे जात नाही. नत्र तसं जातं, जुनं पान पिवळं करून नव्याला देतं. मँगनीजचा कारभार कंजूष, म्हणून नवी नवती आली की नवा फवारा.

गटूर पंपाच्या दोन नळ्या घेऊन दोघं गडी ओळीत शिरले. एक आतून वर, एक बाहेरून. पानाची पाठ भिजली पाहिजे, यावर मामांचा कटाक्ष. पाठीवरची रंध्रं उघडी असतात ती सकाळी, त्यामुळे ऊन चढल्यावर काम थांबलं. तोवर बागेतली हवा ओलसर, चुन्याच्या वासाची झाली होती.

दुपारी मला दिसलं ते मी कुठल्या पुस्तकात इतकं स्पष्ट पाहिलेलं नव्हतं. सकाळी मिश्रण ढवळलेल्या एका बादलीच्या तळाशी चुन्याबरोबर साकळलेला साका उरला होता. सकाळी तो पांढरा होता. दुपारपर्यंत त्याच्या कडा तपकिरी झाल्या होत्या आणि संध्याकाळी वरचा सगळा थर काळपट. चुन्याच्या सान्निध्यात मँगनीजने हवेतला ऑक्सिजन धरला होता. जमिनीत दोन फुटांवर जे चालतं ते बादलीत उघड्यावर चाललं होतं. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरू नये असं मामा म्हणतात, त्याचं कारण हेच.

कारखान्यात ही गुलाबी भुकटी बनते ती नेमकी उलट दिशेने. खाणीतून निघतं ते ऑक्सिजनशी बांधलेलं काळं खनिज. त्यातलं जे पक्कं बांधलेलं, ते गंधकाम्लातही नीट विरघळत नाही. म्हणून ते कोळशाच्या पुडीबरोबर भाजतात. कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो, मँगनीज सैल होतं, मग गंधकाम्लात विरघळतं, आणि लोहासारखी भेसळ काढून ते पाणी आटवलं की खडे जमतात. झाडाचं मूळही हेच करतं, भट्टीवाचून. मुळातून आम्ल पाझरतं, कुजणारा पालापाचोळा कोळशाचं काम करतो. बागेत शेणखत भरपूर घालणाऱ्याला सल्फेटची थैली कमी लागते, ती याचमुळे.

असं खनिज आपल्याकडे दूर नाही. रामटेकजवळचं मनसर, कांद्री, सावनेरकडचं गुमगाव, भंडाऱ्यातली चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पुढे मध्य प्रदेशातलं बालाघाट: हा सगळा एकच पट्टा. मनसरला खोदकाम सुरू झालं ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. १९०९ साली फर्मोर या भूशास्त्रज्ञाने भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्याने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिलं. आज या खाणींचा मोठा भाग नागपूरच्या मॉयल कंपनीकडे आहे. तिथून निघणाऱ्या मालापुढे शेतीचा वाटा किरकोळ. जगात निघालेल्या मँगनीजपैकी दहातले नऊ भाग पोलादात जातात. पोलादातल्या गंधकाला ते पकडून ठेवतं, नाहीतर तापवून ठोकताना लोखंड चिरफाळतं. मूर्तिजापूर-अचलपूरची बंद पडलेली शकुंतला रेल्वे अंजनगावावरून जायची. तिच्या रुळांच्या पोलादातही मँगनीज आहेच, शेकड्यात एखादा भाग. डोंगरी बुजुर्गचा काही माल सुक्या बॅटरीच्या लायकीचा. भारनियमनामुळे रात्रीचं ओलित करणाऱ्या पिढीने विझलेले सेल फोडले असतील, तर आतली काळी पूड त्यांनी बघितलेली आहे. कॉलऱ्याच्या साथीत विहिरीत टाकायची जांभळी पोटॅश हेही याचंच एक रूप.

आता पानाच्या परीक्षणातली ती गोम. पावसाळ्यात डिंक्या आणि फळसडीसाठी बागेवर मॅन्कोझेब फवारतात. ही पिवळी पूड बुरशीनाशक म्हणून विकली जाते, पण तिच्यात पाचवा हिस्सा मँगनीज असतं, शिवाय थोडं जस्त. म्हणजे रोगासाठी फवारताना शेतकरी नकळत पानाला मँगनीज देत असतो. आणि त्यानंतर पान परीक्षणाला पाठवलं तर पृष्ठभागावर चिकटलेली पूड धुऊन पूर्ण जात नाही. अहवालात मँगनीज भरपूर येतं, पानाच्या आत असो वा नसो. परीक्षणाच्या अर्जावर आधीच्या फवारण्या लिहायला जागा हवी आणि ती भरून घेतली जायला हवी. कृषी केंद्राच्या काउंटरवरही 'सूक्ष्म अन्नद्रव्य' नावाची मिश्र बाटली देण्याआधी मागच्या दोन महिन्यांत काय मारलं, हे विचारलं गेलं पाहिजे. मला तरी तसं विचारताना कोणी आढळलं नाही.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. त्यांच्या बागेच्या उगवतीकडच्या भागात गेल्या पावसाळ्यात डिंक्या जास्त होता, म्हणून तिथे पिवळी पूड जास्त पडलेली. आम्ही त्या बाजूची पानं खुडून आणली. मळकट पट्ट्यांची पानं तिथे खरोखरच कमी होती. पण त्या बाजूला चुनखडीचा थरही खोल आहे, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते नक्की होईना.

"मंग असं करू," मामा म्हणाले. "मधातल्या तीन ओळींत मँगनीज नाई टाकायचं, नुस्तं जस्त. अन् मृगाची नवती आली की तू ये. तवा कागद-पेन्शील घेऊन दोन्हीकडची पानं मोजू."

दुसऱ्या दिवशीच्या टाक्या भरण्याआधी त्यांनी त्या तीन ओळींच्या पहिल्या झाडांना सुतळी बांधली आणि गड्यांना बजावून सांगितलं, की या ओळींची टाकी वेगळी.