बाबासाहेबांचा रुपया दुर्मीळ आहे काय?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली भारत सरकारने त्यांची प्रतिमा असलेला एक रुपया चलनात आणला. आपल्या सिहोरा परिसरात तो अनेक घरी डब्यात, बटव्यात जपून ठेवलेला आहे. हल्ली बँकेच्या खिडकीवर तो दाखवून लोक विचारतात, "साहेब, याचे लाखभर मिळतात म्हणे?" आपल्यातील एका विद्यार्थ्याने तर फोनवरच्या 'खरेदीदारा'ला नोंदणी फी म्हणून पैसे पाठविले. फी गेली आणि खरेदीदारही गेला. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९९० चा रुपया तांबे-निकेलचा, रोजच्या व्यवहारासाठी भरपूर पाडलेला. तो वापरून झिजलेला असेल तर त्याची किंमत एक रुपया, फार तर हौशी माणूस थोडे अधिक देईल. टांकसाळीतून निघाला तसा कोरा, चमकदार राहिलेला तुकडा मात्र सहज सापडत नाही, कारण त्या वेळी तो जपण्याचे कोणाला सुचले नाही.

दुसरे नाणे १२५ रुपयांचे. १२५ व्या जयंतीवर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, ते दहा रुपयांच्या चलनी नाण्यासोबत प्रकाशित झाले. वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. असली नाणी बाजारात फिरण्यासाठी नसतात. सरकारी टांकसाळ आगाऊ नोंदणी घेऊन ती पाडते आणि डबीत घालून विकते. विक्रेते याला 'मर्यादित संख्या' म्हणतात. संख्या मर्यादित असते हे खरे, पण घेणारेही तितकेच मर्यादित असतात. शिवाय घेणारा प्रत्येक जण डबी कपाटात ठेवतो. एकही नाणे हरवत नाही, झिजत नाही, वितळत नाही. पन्नास वर्षांनीही ती जवळजवळ सगळी शिल्लक राहतील. मग दुर्मीळ कशी होणार?

याच्या उलट उदाहरण १९३९ च्या जॉर्ज सहाव्याच्या चांदीच्या रुपयाचे. तो पाडला गेला लाखांच्या संख्येत, परंतु बहुतेक वितळला. म्हणून आज संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. (त्याचे बनावट तुकडेही तितकेच फिरतात.) नुसते जुनेपणही कामाचे नाही. त्याच १९३९ साली विदर्भातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, सुमारे दीड हजार नाणी. वय पावणेदोन हजार वर्षांच्या आसपास, तरी त्यांतील नेहमीच्या प्रकारांना दुर्मीळ म्हणता येत नाही. तेव्हा किती पाडली याबरोबरच किती उरली आणि किती जणांना हवी आहेत, हेही विचारले पाहिजे.

खुद्द बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या मोलाचा विचार करताना त्याने किती वस्तू विकत मिळतात यावर भर दिला होता. आपल्या विद्यार्थ्यांनी तो ग्रंथ जरूर चाळावा, कठीण आहे तरी.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की ती जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी फी वा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. फोनवर कोणी आधी पैसे मागितले की बोलणे तिथेच थांबवावे. दहा रुपयांचे नाणे दुकानदार नाकारतात, तेही चूक आहे. आंबेडकर जयंतीवर्षाचे धरून त्याचे सर्व १४ प्रकार ग्राह्य असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते.

१२५ चे नाणे ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते डबीतच ठेवावे, बोटे लावू नयेत. आणि १९९० चा रुपया चिंच वा राख लावून घासू नये. आमच्या शेजारच्या आजी दर १४ एप्रिलला तो घासून लख्ख करतात. संग्राहक त्याला हात लावणार नाही, हे मी त्यांना सांगितले. "विकायचा कोणाला आहे?" असे म्हणून त्यांनी तो पुन्हा बटव्यात टाकला.