मुलाच्या बुद्धीची पारख

कळमन्याच्या बाजारांत वडिलांबरोबर जाणारा दहा वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांपुढें आणावा. संत्र्यांचा हिशेब तो तोंडीं चटकन् करतो; पण पुस्तक हातीं दिलें कीं एकाच ओळींत तीन वेळां अडखळतो. घरीं तो आळशी ठरतो, शाळेंत मठ्ठ. दोन्ही निदानें चुकीचीं असूं शकतात.

अशा मुलाच्या तपासणीचें एक मान्य साधन नागपुरांतच सिद्ध झालें, हें फार थोड्या घरांत ठाऊक असेल. मराठी व कानडी मुलांकरितां बिने यांच्या कसोट्या श्री. व्ही. व्ही. कामत यांनीं पूर्वींच बसविल्या होत्या. त्यांचा ग्रंथ १९४० सालचा. पुढें १९६० नंतरच्या दशकांत नागपूरच्या डॉ. मालिन यांनीं अमेरिकेंतील वेक्स्लर यांच्या कसोटीस भारतीय रूप दिलें. तींत अकरा भाग आहेत, कांहीं तोंडीं, कांहीं हातांनीं करावयाचे. ऐकलेले आंकडे उलट क्रमानें म्हणणें, ठोकळ्यांनीं नमुना जुळविणें, चित्रांत काय राहिलें तें ओळखणें, अशा प्रकारचे. शेवटीं एक आंकडा हातीं येतो खरा. पण मला विचाराल तर तोच सर्वांत कमी कामाचा. बाजारांतला आपला मुलगा ठोकळे झटपट जुळवील आणि शब्दांपाशीं घसरेल. हा उंचसखलपणाच खरा बोलका. त्यावरून स्मरण, अवधान, भाषा व वाचन यांची निराळी तपासणी ठरवितां येते. अपस्मार असलेल्या किंवा डोक्यास मार लागलेल्या मुलाच्या बाबतींत तर ती टाळूं नये.

मालिन यांनीं वाइनलँडच्या सामाजिक प्रगल्भतेच्या कसोटीचीही नागपूर आवृत्ति केली. तींत ८९ बाबी असून त्या बहुधा मुलास नव्हे, आईस विचारतात: हातानें जेवतो का? बटणें लावतो का? येथें एकत्र कुटुंबाची गोम आहे. आजीच सातव्या वर्षापर्यंत घास भरवीत असेल, तर ‘येत नाहीं’ आणि ‘करूं दिलें नाहीं’ यांत भेद कसा करावा? शिवाय सासूबाई जवळ बसल्या असतां सून मोकळेपणानें बोलत नाहीं. म्हणून आईस एकटीस बोलूं द्यावें. आजीचेंही निराळें ऐकावें, कारण दिवसभर मूल तिच्यापाशींच असतें.

‘हा कागद पुढें लग्नाच्या आड येईल’ ही भीति सुशिक्षित घरांतही ऐकूं येते. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें विशिष्ट अध्ययन अक्षमता मान्य केली असून, रीतसर दाखला असल्यास परीक्षेंत अधिक वेळ मिळूं शकतो. कागद दडविणारें घर मुलाचा तो वेळच दडवितें.

तपासणीपूर्वीं डोळे व कान तपासून घ्यावेत. शाळेच्या वह्या बरोबर न्याव्यात, आदल्या रात्रीं मुलास नीट झोपूं द्यावें, आणि घरीं प्रश्नांची तालीम मात्र करून घेऊं नये. पाठ केलेल्या उत्तरांनीं आंकडा फुगतो व अडचण झांकली जाते.