"टेबल एवढं साफ का केलंत, भाऊसाहेब?"

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. गेलेला माणूस चाळिशीच्या आतला, रिक्षा चालवणारा. आजाराने गेला असे बाहेर सांगितले जात होते, पण त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले हे सगळ्यांना ठाऊक होते. त्रिसरण-पंचशील झाले, भन्तेजींची धम्मदेसना झाली आणि श्रद्धांजलीची भाषणे सुरू झाली. तीन वक्त्यांपैकी दोघांनी एकच वाक्य म्हटले, "निदान बायको-पोरांचा तरी विचार करायचा होता!" समोर पांढऱ्या साडीत त्याची पत्नी बसली होती, शेजारी नववीतला मुलगा. मुलाने मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

आम्हालाही बोलायला सांगितले होते. आम्ही बोललो नाही. जे सांगायचे होते ते त्या मांडवात सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून येथे लिहीत आहोत.

बायको-पोरांचा विचार असा माणूस करतो. त्या दिवसांत तो दुसरा विचारच करत नाही. हे आम्ही ऐकीव सांगत नाही.

2011 सालची गोष्ट. आम्ही तेव्हाही कारकूनच होतो. एका सहकाऱ्याला पतपेढीच्या कर्जासाठी जामीन राहिलो. तो नोकरी सोडून गेला, त्याचा पत्ता लागेना. 1 लाख 40 हजार मुद्दल आणि वरचे व्याज आमच्या डोक्यावर आले. पगारातून कपात सुरू झाली. घरभाडे थकले, वाण्याची उधारी थकली. वसुलीची माणसे दारात येऊन मोठ्याने बोलत, शेजाऱ्यांना ऐकू जावे म्हणूनच. बी.कॉम. झालेला, वस्तीतल्या पोरांचे अर्ज भरून देणारा, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि त्याच्याच दारात ही शोभा! झोप गेली. जेवणावरची वासना गेली. पहाटे तीनला जाग यायची आणि डोक्यात हिशेब सुरू व्हायचा.

तो हिशेब कसा असतो ते सांगतो. एका बाजूला आपण: कर्ज, बदनामी, खाणारे एक तोंड. दुसऱ्या बाजूला पत्नी, चार वर्षांची मुलगी, म्हातारी आई. आपले नाव खोडले की त्यांचे ओझे कमी होते. रोज पहाटे उत्तर तेच यायचे. आपण घरच्यांवर उपकारच करीत आहोत असे खरोखर वाटायचे. हिशेब साफ चुकीचा होता. पण ज्याचे मन आजारी आहे त्याला ती चूक दिसत नाही. "पोरीचा विचार कर" असे तेव्हा कोणी ऐकवले असते, तर आम्ही म्हटले असते, तोच तर करतो आहोत.

एके दिवशी विचार पक्का झाला. कसे आणि कुठे, ते सांगण्याचे कारण नाही. (वर्तमानपत्रे ते चवीने छापतात, तेही थांबले पाहिजे.) त्या दिवशी आम्ही आवक-जावक नोंदी पुऱ्या केल्या, राहिलेल्या कागदांना चिठ्ठ्या लावल्या, एकाची बरेच दिवस पडून राहिलेली छत्री त्याच्या खुर्चीला अडकवली. संध्याकाळी कचेरी बंद करायला आमचे शिपाई मामा आले. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. टेबलाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "टेबल एवढं साफ का केलंत, भाऊसाहेब?"

आम्ही काहीतरी पुटपुटलो. एरवी मामा आमच्यासमोर कधी बसत नसत. त्या दिवशी खुर्ची ओढून बसले आणि सरळ विचारले, "जीव द्यायचं मनात आहे का?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारले नव्हते. खोटे बोलता आले नाही. आम्ही रडलो, आणि मामांनी रडू दिले.

मग त्यांनी थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. भाऊ गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. भांडी गेली, वहिनींचे डोरले गेले, सावकार आला. 1984 साली भावाने स्वतःला संपवले.

"सावकाराचे पैसे दोन वर्षांत फिटले, भाऊसाहेब," मामा म्हणाले. "पोरगा आठवीतून शाळा सोडून कामाला लागला, वहिनींनी खानावळीत पोळ्या लाटल्या. फिटले. पण वहिनी रात्री एक ताट जास्त घ्यायच्या. कितीतरी वर्षं. आणि माझं सांगू? त्या सकाळी दादानं खालून हाक मारली होती, चहाला चल म्हणून. मी रात्री उशिरा आलो होतो. म्हटलं, झोपू दे. सत्तावीस वर्षं झाली. आता कुणी चहाला बोलावलं तर मी नाही म्हणत नाही."

त्या रात्री मामा आमच्याबरोबर घरापर्यंत आले आणि आमच्या पत्नीला सगळे सांगितले. आमची तर तोंड उघडण्याची हिंमत नव्हती. पत्नी बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "एक तोंड कमी होईल, हे मला विचारलंत का?" आणि कागदांचा पत्र्याचा डबा काढून बसली.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात मनोविकार विभागात केसपेपर काढला. वस्तीत त्याला 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. गोळ्यांचा गुण यायला तीन आठवडे लागले, आठ महिने त्या घेतल्या. मधल्या काळात तो विचार दोनदा परत आला, दोन्ही वेळा पत्नीला सांगितले. कर्जाचे हप्ते तिनेच पतपेढीत बसून बांधून घेतले. 2016 साली शेवटचा हप्ता गेला.

आपल्यात एक समजूत आहे, की बाबासाहेबांच्या लेकरांनी ताठ राहावे, दुःख बोलून दाखवू नये. 1926 साली राजरत्न गेला तेव्हा पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत उरले होते. बाबासाहेबांनी ते दुःख दत्तोबा पवार या स्नेह्याला पत्र लिहून मोकळेपणी कळवले. ज्यांना शंका असेल त्यांनी ते पत्र वाचावे.

दुसरी समजूत अशी, की थेट विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरतो. तसे होत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. तिसरी भीती पोलिसांची. पूर्वी दंड संहितेच्या कलम 309 खाली अशा प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद होती, म्हणून घरचे लोक डॉक्टरांना खोटी कारणे सांगत. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरून त्याला शिक्षा करू नये, शासनाने त्याच्यावर उपचार करावेत, असे त्यात आहे. 1 जुलै 2024 पासून आलेल्या न्याय संहितेत तर 309 सारखे सरसकट कलमच नाही. तेव्हा दवाखान्यात खरे सांगावे. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे: 14416. रात्रंदिवस, फुकट, मराठीतून बोलता येते. आणि माणूस त्या अवस्थेत असेल तर त्याला एकटे सोडू नये, मामांसारखे घरापर्यंत जावे.

गेल्या रविवारी आम्ही त्या रिक्षावाल्याच्या घरी पुन्हा गेलो. मुलगा आम्हाला सोडायला नळाच्या चौकापर्यंत आला आणि अचानक म्हणाला, "काका, त्या दिवशी पप्पा म्हणाले होते, चल, शाळेत सोडतो. मी मित्रांबरोबर चालत गेलो."

"तू रिक्षात बसला असतास तरी त्यांचा आजार गेला नसता," आम्ही म्हटले. ते त्याला पटले असे दिसले नाही. मग आम्ही त्याला मामांच्या चहाची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला.

"ते मामा आहेत अजून?"

सत्तरी ओलांडली, गावी असतात, फोन असतो त्यांच्याकडे, असे सांगितले. त्याने नंबर मागितला. आम्ही वाण्याकडून पेन घेतले आणि त्याच्या तळहातावर लिहून दिला.