पेट्रोल पंपाची मंजुरी : टेप कुठून धरायचा?

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पेट्रोल पंप येतोय असं कळलं की लोक घाबरतात, निवेदन देतात, मोर्चाही काढतात. पण निवेदनात लिहिलेलं असतं काय? "वस्तीला धोका आहे." एवढंच. अशा निवेदनावर कोणत्याही कार्यालयाला काही करता येत नाही. धोका कोणता, किती अंतरावरून आणि तो तपासणं कोणाचं काम, हे आज आपण समजून घेऊ. देशभरातल्या पंपांना परवाने देणाऱ्या 'पेसो' या संस्थेचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवरच आहे. त्यामुळे नागपूरकरांना हा विषय परका नसावा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'पंपाची मंजुरी' असा एकच कागद नसतो. पेट्रोलियम नियम, २००२ प्रमाणे साठवण आणि विक्रीचा परवाना पेसो देते. त्याआधी जिल्हा प्राधिकाऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. म्हणजे नागपूर शहरात एक वाट आणि काटोल-उमरेडला दुसरी. अर्ज आल्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. याशिवाय बांधकामाची परवानगी, अग्निशमन विभाग, महामार्गावर असेल तर रस्त्याचं खातं. प्रत्येक जण आपापला तुकडा बघतो.

आता अंतर कशासाठी? पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते त्याची वाफ. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे डिसेंबरच्या थंडीतही ठिणगी मिळाली की पुरे. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की मिश्रण पेट घेतं. आणि ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकते, नालीत उतरते, तळघरात साचते. डिझेल त्यामानाने सुरक्षित म्हणतात. पण भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश आहे, आणि आपला मे महिना ४५ च्या पुढे जातो. तेव्हा डिझेललाही गृहीत धरू नका.

वाफ सर्वात जास्त केव्हा निघते, माहीत आहे? टँकर रिकामा होताना. टाकीत १२ हजार लिटर पेट्रोल उतरलं, तर जवळपास तेवढीच वाफ-भरली हवा बाहेर ढकलली जाते. ती व्हेंट पाइपातून निघते, म्हणून तो किमान ४ मीटर उंच ठेवतात आणि तोंडाला जाळी बसवतात. त्या वाफेत बेंझीन असतं, आणि बेंझीनने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. वाफ परत टँकरमध्ये किंवा टाकीत घेणारी यंत्रणा मोठ्या विक्रीच्या नव्या पंपांना सक्तीची आहे, ती याचसाठी. म्हणजे आग आणि हवा हे प्रश्न वेगळे नाहीत. वाफ एकच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी अंतर ठरवून दिलं. शाळा, दहा किंवा अधिक खाटांचं रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांच्यापासून ५० मीटर. जागेची अडचण असेल तर पेसोने सांगितलेले जादा सुरक्षा उपाय करून कमी चालतं, पण ३० मीटरच्या आत कुठल्याही परिस्थितीत नाही. उच्चदाबाची वीजवाहिनी पंपावरून जाता कामा नये.

आता टेप कुठून धरायचा? लोक कुंपणापासून मोजतात आणि तिथेच चुकतात. मोजायचं ते टँकर रिकामा करायचं तोंड, पेट्रोल देणारं यंत्र आणि व्हेंट पाइप, या तिघांपैकी जे सर्वात जवळ असेल तिथून.

दुसरी मेख 'निवासी क्षेत्र' या शब्दात आहे. नियमात स्थानिक कायद्याने निवासी ठरवलेलं क्षेत्र, असं म्हटलंय. नुसती घरं दिसतात, तेवढ्यावर भागत नाही. नागपुरात ५७२ आणि १९०० लेआउट हे शब्द माहीत नसलेला माणूस विरळा. घरं आधी आणि नियमितीकरण नंतर, ही आपल्या शहराची जुनी कहाणी. म्हणून पहिला कागद काढायचा तो विकास आराखड्यातल्या तुमच्या लेआउटच्या वापराचा.

जमिनीखालचा धोका दिसत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पुरलेल्या पाइपांवर ताण येतो. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला जुने स्फटिकी खडक. दोन्हीकडे पाणी भेगांतून वाहतं, त्यामुळे गळती कोणत्या विहिरीत निघेल हे सरळ रेषेत सांगता येत नाही. पंपावर रोज डिप रॉडने साठा मोजतात आणि विक्रीशी ताळा घालतात, तो फक्त हिशेब नाही. गळती पकडायचा तोच पहिला उपाय आहे.

तुकड्या-तुकड्यांत मंजुरी दिली की काय होतं, हे १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरने दाखवलं. वादळात पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळला, १७ माणसं गेली. फलक १२० बाय १२० फुटांचा, महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची, आणि जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. तिथे पेट्रोलने पेट घेतलाच नव्हता. पंपाच्या डोक्यावर काय उभं राहतंय, हे बघायचं काम नेमकं कोणाचं, तेच सुटलं.

मग आपण काय करायचं? ना-हरकत मिळण्याआधी, त्या तीन महिन्यांत हरकत द्या. माहितीच्या अधिकारात जागेचा नकाशा मागा. तीन बिंदूंपासूनची अंतरं मीटरमध्ये लिहा. जवळच्या विहिरी, नाली, तळघरं दाखवा. पंप सुरू झाल्यावरही काम संपत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ते दिलंय का, विचारा.

श्रोत्यांमधून प्रश्न आलाय : "पंप आधीचा असेल आणि वस्ती नंतर आली तर?" चांगला प्रश्न. मंडळाची ५० मीटरची अट नव्या पंपाला आहे. जुन्या पंपाशेजारी उद्या शाळा बांधली, तर ती अट आपोआप मदतीला येत नाही. तिथे शाळेच्या नकाशाला मंजुरी देणाऱ्याने पंप बघायला हवा. म्हणून फ्लॅट घेताना किंवा मुलाला शाळेत घालताना टेप आपणही धरावा.