आजाराचं नाव आणि दाखल्यावरचे टक्के

यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला की भिवंडीचा कामगार दोन्ही टोकं चिमटीत धरतो, पाहता पाहता गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, बहुतेक वेळा आधी धरतो तो याच बोटांचे लहान सांधे. सकाळी तासभर मूठ वळत नाही, गाठ मारणं तर दूरच. अशा माणसाला दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणतो, ‘एवढा मोठा आजार आहे, अपंगाचा दाखला मिळणारच.’ दुसरा म्हणतो, ‘हा आजार सरकारी यादीत नाही, उगाच खेटे घालू नकोस.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे सरकार आजाराचं नाव बघून मदत देतं. प्रत्यक्षात बघितलं जातं ते हे, की त्या आजारानं शरीराचं काम किती हिरावून घेतलं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या यादीत दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांत आमवातासारख्या स्वयंप्रतिकार आजारांपैकी नावानिशी आहे तो एकच, मल्टिपल स्क्लेरोसिस. आमवात, ल्युपस, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस यांचा उल्लेख नाही. पण अस्थिव्यंगाची व्याख्या वाचली की चित्र बदलतं. स्नायू, हाडं, सांधे किंवा मज्जासंस्था बाधित झाल्यामुळे स्वतःची किंवा वस्तूंची हालचाल करता न येणं, एवढंच ती विचारते; बाधा अपघातानं झाली की आमवातानं, याच्याशी तिला कर्तव्य नाही. 4 जानेवारी 2018 रोजी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत हातासाठी दहा कामांची यादी होती, न जमणाऱ्या प्रत्येक कामाला 9 टक्के दिव्यांगत्व: वरची वस्तू उचलून परत ठेवणं, हातानं जेवणं, केस विंचरणं, गुंडी लावणं, नाडी बांधणं, पेल्यानं पाणी पिणं, लिहिणं वगैरे. सूचना 2024 मध्ये सुधारल्या गेल्या, तरी मोजणीचं सूत्र कार्यक्षमतेचंच आहे. म्हणून वैद्यकीय मंडळापुढे जाताना रक्ताच्या अहवालाइतकंच महत्त्वाचं आहे ते काय करता येत नाही याचं वर्णन. नाडी बांधता येत नाही हे सांगायला लाज वाटते, पण तेच सांगायला हवं.

यावर रुग्णांचा एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. हे आजार चढतात आणि उतरतात. तपासणीच्या दिवशी औषधानं सूज ओसरलेली असली तर बोटं चालतात आणि टक्के घसरतात. पुढच्या आठवड्यात तोच माणूस अंथरुणाला खिळतो. थकवा तर सांध्यांची हालचाल मोजणाऱ्या कोनमापकात सापडतच नाही. मला ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव वाटते. नुसती यादी वाढवून ती भरून निघणार नाही, कारण यादीत असलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णालाही टक्के सिद्ध करावेच लागतात. तोवर नियमांत आहे तेवढ्याचा तरी उपयोग करावा. स्थिती बदलण्याची शक्यता असेल तर मुदतीचा दाखला देता येतो. अशा दाखल्याला रुग्ण संशयाचं चिन्ह समजतात. तसं काही नाही, मुदत संपताना फेरतपासणी होते, इतकंच. निर्णय पटला नाही तर अधिनियमाच्या कलम 59 नुसार अपिलाची सोय आहे. दोनतीन वर्षांचे केसपेपर, भरती झाल्याच्या नोंदी आणि सूज आलेल्या दिवसांतली तपासणी फायलीत असेल, तर मंडळाला त्या एका सकाळीपलीकडचं काही दिसतं.

दुसरी मोठी गफलत म्हणजे दाखला आणि दिव्यांग कार्ड हाती आलं की पैसे सुरू होतात ही. कार्ड हा फक्त दरवाजा आहे आणि प्रत्येक योजनेचा उंबरठा वेगळा. बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून मिळतात. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला मात्र 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशी अट आहे. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये झाली, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं आणि महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य हवं. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून भिवंडीत आलेल्या कितीतरी मागकामगारांची गाडी या शेवटच्या अटीवर अडते. याउलट 40 पेक्षा कमी टक्के म्हणजे कायद्यानं वाऱ्यावर सोडलं, हेही खरं नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केलं, की परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट घालता येत नाही.

टक्क्यांचा मार्ग बंद झाला तरी संजय गांधी योजनेतच आणखी एक वाट आहे, आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यांसारख्या’ दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे, असा एक स्वतंत्र गट तिथे आहे. त्या ‘यांसारख्या’ शब्दावर मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या ल्युपसची रुग्ण दावा सांगू शकते. सरकारी डॉक्टरांच्या दाखल्यात आजाराच्या नावापुढे कमावता येत नाही हे वाक्य मात्र यायलाच हवं. खरी अडचण पुढे आहे. या गटासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये आहे. मीटरवर मजुरी घेणारा एक जण घरात असला तरी ती ओलांडली जाते. दिव्यांगांसाठी 50,000 आणि याच योजनेत अंथरुणावरच्या रुग्णासाठी 21,000, हा फरक कशासाठी, याचं समर्थन करणारं कारण मला सापडत नाही. दोन्ही मर्यादा निदान एकसारख्या व्हायला हव्यात.