सार्वजनिक बाग कोणाची?

सार्वजनिक बाग कोणाची, असा प्रश्न केला असतां "सर्वांची" असें उत्तर सहज मिळतें. परंतु जी वस्तु सर्वांची, तिची निगा बहुधा कोणीच राखीत नाहीं, हाहि आपल्या नित्याच्या अनुभवांतलाच प्रकार आहे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरास या अनुभवाची मोठी किंमत द्यावी लागली. ती हकीकत वाचकांस येथें सांगावयाची आहे.

त्या शहराच्या मध्यभागीं सेंट्रल पार्क नांवाचें ८४३ एकरांचें उद्यान आहे. १८५८ सालीं चढाओढीनें मागविलेल्या आराखड्यांतून ऑल्मस्टेड व व्हॉक्स या दोघांचा आराखडा पसंत करण्यांत आला. तेथील तळीं आणि कुरणें निसर्गानेंच निर्मिलेलीं भासतात. वस्तुतः तीं मनुष्याच्या हातांनीं घडविलेलीं आहेत. पुढें १९७० नंतरच्या दशकांत नगरपालिकेचें दिवाळें निघण्याची वेळ आली. माळी कमी झाले, हिरवळीच्या जागीं धूळ उडूं लागली, बांकें मोडलीं, भिंती रेघोट्यांनीं विद्रूप झाल्या, आणि दिवस मावळल्यावर तेथें पाऊल टाकण्यास लोक धजेनात.

१९८० सालीं कांहीं नागरिकांनीं पुढें येऊन सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी नांवाची संस्था स्थापिली. एलिझाबेथ बार्लो रॉजर्स या बाई तिच्या आद्य चालक होत. संस्थेनें वर्गणी पुष्कळ जमविली हें खरें. तथापि केवळ पैशानें बाग सुधारली असें कोणी समजूं नये. पूर्वीं माळ्यांच्या टोळ्या आज या कोपऱ्यांत तर उद्यां त्या कोपऱ्यांत काम करीत. त्यामुळें एखादी जागा बिघडली तर जाब कोणास विचारावा हेंच कळत नसे. संस्थेनें उद्यानाचे लहान लहान विभाग पाडले व एकेक विभाग एकेका माळ्याच्या स्वाधीन केला. गवत वाळलें, बांक मोडलें, केर सांचला, तर उत्तर त्यानेंच द्यावयाचें. आणि त्याच्या मदतीस स्वयंसेवक. ज्या शाळेंत बागेचा प्रत्येक वाफा मुलांस नेमून दिलेला असतो, तेथील विद्यार्थ्यांस यांतील मर्म निराळें सांगावयास नकोच! १९९८ सालीं शहरानें या संस्थेशीं रीतसर करार केला. जमिनीची मालकी मात्र शहराचीच राहिली.

येथें एक शंका येते. सेंट्रल पार्कच्या भोंवतीं धनिकांचे वाडे आहेत. तेथें वर्गणीस काय तोटा? गरिबांच्या वस्तींत काय करावें? ही शंका रास्त आहे, व नागरिकांनीं हात लावला म्हणून नगरपालिकेनें आपले हात झाडावेत, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. परंतु त्याच शहराच्या दक्षिण भागांत, बावरी व हाउस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, वर्गणीवांचून काय झालें तेंहि पाहण्याजोगें आहे.

१९७३ सालीं तेथें केरकचऱ्यानें भरलेली पडीक जागा होती. लिझ क्रिस्टी या चित्रकर्त्रीनें व तिच्या सोबत्यांनीं ती साफ केली, माती वाहून आणली, कुंपण घातलें आणि साठ वाफ्यांत भाजीपाला लाविला. त्यांनीं स्वतःस "हिरवे गेरिला" असें नांव घेतलें होतें. गेरिला म्हणजे गनिमी काव्यानें लढणारा. हा कावा महाराष्ट्रास कोणीं समजावून द्यावा? इतरत्रच्या ओसाड जागांच्या कुंपणांवरून ते खत व बियाणें यांचे गोळे आंत फेकीत. १९७४ सालीं नगरपालिकेनें ही कोपऱ्यावरची जागा दरमहा एक डॉलर भाड्यानें त्यांस दिली, आणि त्यांचें पाहून शहरभर गल्लोगल्लीं अशा बागा निघाल्या.

१९९९ सालीं अशा शंभरांहून अधिक बागांचा लिलाव करण्याचें नगरपालिकेनें ठरविलें. तेव्हां शेजाऱ्यांनीं मोठी ओरड केली, आणि अखेर दोन लोकोपयोगी संस्थांनीं त्या विकत घेऊन वांचविल्या. क्रिस्टीबाई त्यापूर्वींच, १९८५ सालीं, वारल्या होत्या. पुढील वर्षीं त्यांच्या पहिल्या बागेस त्यांचें नांव देण्यांत आलें. तिची निगा आजहि स्वयंसेवकच राखतात, आणि ठराविक वेळीं तिचें फाटक सर्वांस उघडें असतें.