उन्हातले लिस्बन

युरोपातील शहर म्हटले की दाट धुके, झाकोळलेले आकाश आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला लोकरीचा डगला असे चित्र आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांसमोर उभे राहते. श्रोतेहो, पोर्तुगालची राजधानी लिस्बन या चित्रात कोठेच बसत नाही. वर्षाकाठी सुमारे 2,800 तास तेथे स्वच्छ ऊन पडते. अटलांटिक महासागर पश्चिमेला काही मैलांवर. आणि त्याला मिळण्यापूर्वी टॅगस नदी शहराच्या पायथ्याशी एखाद्या सरोवरासारखी पसरलेली. पोर्तुगीज लोक या नदीला ‘तेझु’ म्हणतात. मराठी ‘तेज’ या शब्दाशी त्या नावाचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. परंतु नदीच्या पात्रावरून परतणारा प्रकाश पांढऱ्या चुनखडीच्या फरसबंदीवर पडलेला पाहिला म्हणजे हा योगायोग गोड मानून घ्यावासा वाटतो.

पाठीवर पिशवी अडकवून, तुटपुंज्या पैशांत देश पाहावयास निघालेल्या तरुण प्रवाशांची या शहरात रीघ असते. अशा प्रवाशास लिस्बन मानवते, कारण तेथील पुष्कळशा उत्तम गोष्टी पायी हिंडून, फुकट पाहता येतात. तो प्रवासी मराठी असेल तर पहिला अचंबा मुक्कामाच्या दारातच वाट पाहत असतो. खोलीची किल्ली हाती देताना तेथील माणूस जो शब्द उच्चारतो तो आपल्या ‘चावी’चा मूळ पुरुष होय. सकाळी न्याहारीला येतो तो पाव. बटाटा, काजू, पगार, घमेले ही मंडळीही याच बंदरातून गलबतावर चढून आपल्या घरी आली आणि इतकी रुळली की त्यांचे परकेपण आज कोणास आठवतही नाही. आपला हापूस आंबा तर नावाने चक्क ‘अफोन्सु’ आहे.

शहर टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे चढउतार फार. पायांखालची वाट मात्र पाहण्याजोगी असते. मुठीएवढे पांढरे व काळे दगड ठोकून बसवून त्यांतून लाटा, फुले, जहाजे काढलेली असतात. रोसियु चौकातील लाटांची नक्षी 1840 च्या दशकाच्या अखेरीची. आजही कारागीर उकिडवे बसून, हातोडीने एकेक दगड घडवीत हे काम करतात. ही विद्या लोपू नये म्हणून लिस्बनच्या नगरपालिकेने 1986 साली त्यांच्यासाठी शाळा काढली. ओल्या दिवशी हे दगड निसरडे होतात, हे प्रवाशाने ध्यानी ठेवावे. चढावर नेणाऱ्या दोरखंडाच्या जुन्या गाड्या हीदेखील शहराची ओळख. परंतु त्यांपैकी 1885 पासून चालत आलेली ग्लोरिया येथील गाडी 3 सप्टेंबर 2025 रोजी दोर निसटून उतारावरून कोसळली आणि 16 माणसे प्राणास मुकली. जुनेपणाची शोभा राखणाऱ्यांवर केवढी जबाबदारी असते, हे त्या संध्याकाळी सर्वांस कळले.

लिस्बन खऱ्या अर्थाने समजून घ्यावयाचे तर 1755 सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून आरंभ करावा लागतो. तो सर्वसंतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चे मिस्सासाठी भरून गेली होती, वेद्यांवर मेणबत्त्या तेवत होत्या, आणि धरणी हादरू लागली. दगडी छते उपासकांवर कोसळली. जे वाचले ते मोकळ्या जागेकडे, म्हणजे नदीकडे धावले. तेथे पाणी मागे हटून तळ उघडा पडलेला त्यांना दिसला. काही जण ते नवल पाहत उभे राहिले, आणि थोड्याच वेळात समुद्र भिंतीसारखा परत आला. 26 डिसेंबर 2004 नंतर हे वर्णन आपल्या किनाऱ्यांवरील कोणासही समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. उलथलेल्या मेणबत्त्यांनी व चुलींनी लावलेली आग त्यानंतर कित्येक दिवस धुमसत राहिली. मृतांची संख्या निरनिराळे इतिहासकार निरनिराळी देतात; पण ती हजारांनी मोजावयाची, याविषयी वाद नाही. नदीकाठचा राजवाडा गेला आणि ‘काझा दा इंडिया’ या पूर्वेकडील व्यापाराच्या कचेरीची दप्तरेही गेली. गोव्याच्या, किंबहुना साऱ्या पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासाची किती पाने त्या दिवशी राख झाली असतील, या विचाराने अभ्यासकाचे मन आजही हळहळते.

श्रद्धावंतांपुढे प्रश्न उभा राहिला तो अधिक खोल. देवाच्या घरी, देवाच्या सणाला, देवाचीच लेकरे का चिरडली जावीत? गाब्रिएल मालाग्रिदा या वृद्ध येशूसंघीय धर्मगुरूने 1756 साली पत्रक काढून सांगितले की हा नगरीच्या पापांचा दंड आहे. लोकांनी घरे उभारण्याच्या खटपटीऐवजी पश्चात्ताप करावा. राजाचा मंत्री, पुढे मार्किस ऑफ पोम्बाल म्हणून प्रसिद्धीस आलेला सेबास्तियांव जोझे, याला हे मानवणारे नव्हते. त्याने राज्यातील धर्मग्रामांकडे एक प्रश्नावली पाठविली: धक्के किती वेळ टिकले? नंतर पुन्हा किती बसले? समुद्र आधी चढला की ओसरला? विहिरींच्या पाण्यात काही फरक पडला काय? आश्चर्य असे की या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी गावोगावच्या पाद्र्यांनीच लिहून धाडली. ती आजही तेथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत व भूकंपशास्त्राचा आरंभ अनेक विद्वान त्यांत पाहतात. एका पाद्र्याने कोप पाहिला, शेकडोंनी शांतपणे मोजमाप लिहिले. श्रद्धा दोघांचीही होती, हे विसरता कामा नये. पोम्बाल मात्र दयाळू नव्हता. त्याने 1759 साली येशूसंघीयांना साऱ्या पोर्तुगीज मुलखातून हाकलले आणि 1761 साली मालाग्रिदाला भर रोसियु चौकात मृत्युदंड देवविला. ज्याने शहर वाचविले त्याच्याच हातून हेही घडले.

नदीपासून रोसियुपर्यंत आखलेल्या सरळ रस्त्यांचा जो भाग आज ‘बायशा’ म्हणून ओळखला जातो, तो या पुनर्रचनेचे फळ. सोनारांचा रस्ता, रुप्याचा रस्ता, चांभारांचा रस्ता अशी त्यांची नावे ऐकून इंदुरातील सराफा आठवावा. भिंतींच्या पोटात तिरक्या लाकडी फुल्यांचा सांगाडा बसविलेला असतो. त्याला पोर्तुगीज लोक पिंजरा म्हणतात. दगड गळून पडले तरी पिंजऱ्याने घर तोलून धरावे, ही त्यामागील कल्पना. पाणथळ जमिनीत पाइन वृक्षाचे खुंट ठोकून त्यावर या इमारती उभारल्या आहेत. एका बँकेच्या इमारतीखाली ते खुंट आणि त्याहीखाली रोमन काळातील मासळी खारविण्याच्या टाक्या सापडल्या आहेत.

वरच्या टेकडीवर कार्मू मठाचे चर्च छताविना उभे आहे. दगडी कमानी निळ्या आकाशाला टेकलेल्या, आणि खाली सभामंडपाच्या जागी गवत. त्याच मठासमोरच्या चौकातील सैनिकी ठाण्यात 25 एप्रिल 1974 रोजी पंतप्रधान मार्सेलु कायतानु यांनी शरणागती पत्करली आणि जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही संपली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल फुले खोवली. गोवा 1961 सालीच मुक्त झाला होता. परंतु त्याचे भारतातील विलीनीकरण पोर्तुगालने मान्य केले ते या क्रांतीनंतर, 31 डिसेंबर 1974 च्या कराराने. गोमंतकीय प्रवाशाने या चौकात घटकाभर बसावे.

बेलें या उपनगरातील जेरोनिमु मठ पाहण्यास मोठी रांग असते. सकाळी लवकर जावे हे बरे. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या या मठाचा खर्च आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर बसविलेल्या सुमारे पाच टक्क्यांच्या करातून चालला. मिऱ्यांनी बांधलेले मंदिर म्हणा ना! राजांच्या शवपेट्या येथे संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. दाराशी वास्को द गामाची कबर; 1524 साली तो कोचीनला मरण पावला आणि अस्थी मागाहून पोर्तुगालला नेल्या. जवळच्या बेलें बुरुजाच्या पायथ्याशी एक झिजलेले गेंड्याचे डोके कोरले आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरने दिलेला गेंडा गोव्याहून निघून 20 मे 1515 रोजी लिस्बनला उतरला, तेव्हा सारे शहर पाहावयास लोटले होते. याच पाण्यातून 1541 साली संत फ्रान्सिस झेवियर निघाले. 4 एप्रिल 1579 रोजी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण निघाला; तो ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला, आपली भाषा शिकला, आणि 1616 साली त्याचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले. याच वाटेने तोफा गेल्या, धर्मन्यायालयही गेले. रोसियुजवळच्या सांव दोमिंगुश चर्चसमोर 1506 साली कत्तल झालेल्या धर्मांतरित ज्यूंचे स्मारक 2008 पासून उभे आहे. 1959 च्या आगीत पोळलेले त्या चर्चचे खांब तसेच तडकलेले ठेवले आहेत. बेलेंची शुभ्र कलाकुसर पाहून आलेल्याने हे खांबही पाहावेत.

अल्फामाच्या अरुंद गल्ल्यांत 12 जूनच्या रात्री संत अंतोनीचा उत्सव असतो. हा संत पादुआचा म्हणून जगाला ठाऊक. जन्म मात्र 1195 सालचा, लिस्बनचा. दारोदार तारली मासळी निखाऱ्यांवर भाजली जाते आणि आवडत्या माणसाला सब्जाच्या जातीचे बारीक पानांचे रोपटे भेट देतात. त्याला नाक लावावयाचे नाही; तळहात वरून फिरवावा आणि हाताचा वास घ्यावा, अशी रीत आहे. दुःखाची गोष्ट ही की या गल्ल्यांतील कित्येक घरे आता प्रवाशांना भाड्याने दिली जातात आणि वाढत्या भाड्यांपुढे जुने रहिवासी पिढ्यान्‌पिढ्यांचे बिऱ्हाड सोडून शहराबाहेर जातात. स्वस्तात उतरणारा पाठपिशवीवालाही या दोषातून सर्वस्वी सुटत नाही. निदान खिडकीत बसलेल्या आजीबाईंना न विचारता त्यांचे छायाचित्र तरी घेऊ नये.

दिवस कलला की काइश दु सोद्रे धक्क्यावरून कासील्याशला जाणारी बोट धरावी. तिकीट थोडके, प्रवास दहा मिनिटांचा, आणि सोबती म्हणजे कचेऱ्या-दुकानांतून घरी परतणारे कामकरी लोक. उजवीकडे 1966 साली बांधलेला तांबडा झुलता पूल दिसतो. पूर्वी त्याला हुकूमशहा सालाझारचे नाव होते, आता 25 एप्रिलचे आहे. मागे टेकड्यांवरच्या भिंती पिवळ्या, मग गुलाबी होत जातात. बोटीतील बहुतेक मंडळी तिकडे पाठ करून वर्तमानपत्र वा फोन वाचत असतात; त्यांना हे रोजचेच आहे. पलीकडे उतरल्यावर धक्क्याजवळच्या खाणावळींत मासळी भाजण्यास सुरुवात झालेली असते, आणि परतीची बोट बऱ्याच उशिरापर्यंत मिळते.